‘क्या बात है’ कोण म्हणाले, याबाबत नम्र खुलासा

प्रति,
मा. श्री. गुरुदत्त खासनीस साहेब,
प्रशासन अधिकारी (आस्थापना, कार्यक्रम व पहिली रांग),
हिस्न अल-सिद्रा किल्ला व संगीत सभागृह,
बरक्याच्या अलीकडे, ओमान.

अर्जदार: हिलरी पास्कोल डाबरे, वय ५१, एसी मेकॅनिक, मूळ राहणार वसई, सध्या मुक्काम माबेला.

दिनांक: ५ मे २००१, शनिवार.

विषय: दि. २६ एप्रिलच्या मैफलीत निघालेल्या उद्गाराशी अर्जदाराचा संबंध नसल्याबाबत, आणि त्यापायी रद्द झालेली मुलीच्या लग्नाची रजा परत मिळण्याबाबत.

संदर्भ: १) आपला मेमो, दि. २८ एप्रिल. २) अर्जदाराचे रजेचे अर्ज, दि. १३ जानेवारी, १० फेब्रुवारी व १७ मार्च, तिन्ही ‘विचाराधीन’. ३) आपले तोंडी ‘इन्शाल्ला’, दि. १० एप्रिल, चहाच्या वेळी.

महोदय,

विषय वर लिहिलेलाच आहे, त्याला अनुसरायचे आता फक्त आपले राहिले आहे. तरी अर्जदार पुढील हकीगत हात जोडून, पण एकदाची, आपल्यापुढे ठेवतो.

१. हा अर्ज मराठीत असण्याचे कारण असे, की अर्जदाराचा १३ जानेवारीचा इंग्रजी अर्ज आपण लाल पेनाने अकरा ठिकाणी गोल करून परत पाठवलात. रजा मिळाली नाही, स्पेलिंगे मात्र सुधारली. अर्जदार मराठी शाळेत शिकला असून मराठीत त्याला राग नीट लिहिता येतो. शिवाय या किल्ल्यात मराठी वाचणारे आपण आणि विद्यावहिनी असे दोघेच, त्यामुळे पुढचा मजकूर चारचौघांत जायची भीती नाही. हे आपल्याच सोयीचे आहे, हे आपल्याला कलम ६ पर्यंत वाचल्यावर पटेल.

२. किल्ल्याविषयी आपल्याला सांगणे म्हणजे उद्धटपणा होईल, पण फाइल पूर्ण असावी असा आपलाच आग्रह असतो. तीनशे वर्षांपूर्वी ज्या कोठारात खजुराची पोती रचत, त्या कोठारात आता १४० खुर्च्या आहेत. मालकीणबाई खुदेजा लंडनला पियानो शिकून आल्या आणि त्यांनी दाराशी तोफ, मागे खजुराची बाग आणि मध्ये युरोपचे शास्त्रीय संगीत असा थाट मांडला. माहितीपत्रकावर ‘बारमाही’ असा शब्द आहे. तो शब्द ज्याने छापला त्याने ओमानमधला जून महिना पाहिला नसावा, असे अर्जदाराचे मत आहे. रमजानचा महिना तेवढा मैफली बंद असतात, आणि त्या महिन्यात प्लांट पूर्ण खोलून साफ करायचा असतो. म्हणजे बाकीच्यांचे बारमाही अकरा महिन्यांचे, अर्जदाराचे पुरते बाराचे.

३. आता कामाची पद्धत. कंप्रेसर चालू असला की भिंतीतून घूं आवाज येतो आणि तो पियानोशी भांडतो, असे बाईसाहेबांचे म्हणणे. म्हणून दुपारी बारापासून कोठार गार करायचे, सव्वासातपर्यंत सतरा डिग्रीवर आणायचे आणि वाजवणारा स्टेजवर आला की प्लांट बंद. मग आत माणसे बसलेली, दारे लावलेली. उन्हाळ्यात पंचावन्न मिनिटांत सव्वीस डिग्री होते, त्यापुढे टाय सैल व्हायला लागतात. जुलैत चाळीस मिनिटेच मिळतात. त्यामुळे बाईसाहेब कार्यक्रम छापण्याआधी अर्जदाराला फोन करून विचारतात, “हिलरी, हाऊ मेनी मिनिट्स?” आणि अर्जदार सांगेल तेवढेच वाजते. युरोपातल्या थोर थोर दिवंगत उस्तादांचे कुठले काम अख्खे वाजवायचे आणि कुणाची शेपटी कापायची, हे पाच वर्षे वसईचा आयटीआय पास माणूस ठरवतो आहे. याबद्दल त्याला कधी भत्ता मिळालेला नाही आणि तो या अर्जात मागतही नाही.

४. रजेबाबत. अर्जदार शेवटचा घरी गेला जानेवारी १९९८ मध्ये. त्यानंतर दरवर्षी अर्ज केला, दरवर्षी ‘सीझन चालू आहे’ असे उत्तर आले. सीझन बारमाही असल्यावर तो संपणार कधी, हे विचारल्यावर आपण म्हणालात, “डाबरे, जरा समजून घ्या.” अर्जदाराने समजून घेतले. त्याची आई मागल्या वर्षी मार्चमध्ये वारली, तेव्हा चार तंतुवाद्यांचा महोत्सव होता. तेव्हाही समजून घेतले आणि प्लांटरूममध्ये बसून रडून घेतले, कारण तिथे कंप्रेसरच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही. मात्र गेल्या ऑगस्टमध्ये पियानोचे पाय काढून, त्याला रजया गुंडाळून, सहा आठवड्यांसाठी दुबईला दुरुस्तीला पाठवले, आणि तो जाताना आपण स्वतः गेटपर्यंत सोडायला गेलात. अर्जदाराचा पियानोवर राग नाही. पण त्याची नेमणूक अर्जदाराच्या नंतरची आहे.

संदर्भ ३ मधल्या ‘इन्शाल्ला’बद्दल इथेच सांगतो. आमचा स्टोअरवाला सालेम इन्शाल्ला म्हणाला की पार्ट दुसऱ्या दिवशी हजर असतो. आपण म्हणता तेव्हा फाइल कपाटात जाते. तरीही १० एप्रिलला आपण ते हसून म्हणालात, म्हणून अर्जदाराने घरी फोन करून टाकला की येतो. ही त्याची चूक झाली, ती त्याला मान्य आहे.

५. आपल्याला टाळ्यांची खूण देण्यासाठी अर्जदाराला बाजूच्या दारापाशी उभे करण्याचा निर्णय आपला होता. आपण म्हणालात, “तुम्ही ख्रिश्चन, वसईचे. तुमच्या रक्तातच आहे हे संगीत. कुठे टाळ्या वाजवायच्या ते तुम्हालाच कळणार.” साहेब, अकराव्या वर्षी अर्जदाराला चर्चच्या गायनमंडळातून फादरांनी कान धरून बाहेर काढले होते, कारण तो गायला लागला की शेजारची दोन मुले बिघडत. वसईत सगळे बँडात वाजवतात ही समजूत पुण्यात कुणी पसरवली देव जाणे. अर्जदाराला या संगीतातले ओ की ठो कळत नाही. त्याला इतकेच कळते, की वाजवणारा उठून वाकला म्हणजे संपले. हे त्याने तेव्हाच सांगितले होते; आपण “विनय पुरे” म्हणालात.

६. आता दि. २६ एप्रिल, गुरुवार. बाहेर संध्याकाळी सातला अडतीस डिग्री. इंग्लंडहून आलेल्या जेनेटबाई पियानोला. मागच्या चार रांगा भरायला आपण नेहमीप्रमाणे अर्बाबच्या, म्हणजे मालकांच्या, इतर कंपन्यांतून ड्रायव्हर, स्टोअरकीपर, टायपिस्ट असे चाळीस लोक टाय बांधून आणले होते. त्यांना आपण दुपारी तालीम दिली. तिचे सार एका वाक्याचे होते: “मी करतो तसंच करायचं.” हे वाक्य अर्जदाराने स्वतःच्या कानांनी ऐकले आहे.

सात वाजून एकवीस मिनिटांनी प्लांट बंद झाला. पहिला भाग धडाधड होता, तो निर्विघ्न गेला. दुसरा भाग सावकाश. अर्जदार दाराआडच्या पॅनेलपाशी टॉर्च दातांत धरून थर्मामीटर बघत होता. दार चार बोटे उघडे होते, त्यातून पहिल्या रांगेतली तिसरी खुर्ची समोर दिसत होती. त्या खुर्चीवर आपण होता. डोळे मिटलेले, मान डोलते आहे, उजव्या हाताची बोटे मांडीवर ठेका धरतात. वहिनींनी दोनदा आपल्या कोपराला हात लावला. मग बाईंनी वरून खालपर्यंत एक लांब तान सरसर उतरवत आणली आणि अगदी शेवटच्या पायरीवर थांबल्या. सगळीकडे चिडीचूप. त्या शांततेत आवाज आला: “आऽहाहा! क्या बात है! जियो, बाई, जियो!”

महोदय, तो आवाज तिसऱ्या खुर्चीतून आला.

यापुढे जे झाले त्याचा दोष मागच्या चार रांगांना देता येत नाही. त्यांना हुकूम होता. चाळीस जणांनी एकसाथ “क्या बात है!” म्हटले. पेशावरचा एक ड्रायव्हर “वल्ला!” म्हणाला, कारण त्याला पहिले वाक्य नीट आठवेना. चौथ्या रांगेतला डॉक्टर कुणाला तरी झटका आला समजून उठून उभा राहिला. जेनेटबाईंनी हात वर उचलले ते तसेच धरून ठेवले, लोकांकडे पाहिले आणि त्या आत निघून गेल्या. वीस मिनिटे त्यांची समजूत घालेपर्यंत कोठारातली सगळी थंडी उडाली, आणि उरलेला कार्यक्रम सव्वीस डिग्रीवर रद्द करावा लागला.

७. नंतर व्हरांड्यात बाईसाहेबांनी विचारले, “हू स्टार्टेड इट?” आपण एका क्षणाचाही विलंब न लावता बाजूच्या दाराकडे बोट केलेत. अर्जदार त्याच दारातून बाहेर येत होता, हातात पाना होता. बाईसाहेबांनी मान हलवली आणि एवढेच म्हणाल्या, “हिलरी? आय ॲम सरप्राइज्ड.” पाच वर्षांत त्यांनी अर्जदाराला रागावलेले नाही. त्या दिवशीही रागावल्या नाहीत, आणि तेच अर्जदाराला फार लागले. तेव्हा तोंड उघडायला हवे होते, पण साहेबाला मालकिणीसमोर खोटे पाडायची सवय नाही. शनिवारी सकाळी मेमो आला. त्यात ‘बेजबाबदार दाद’ असा शब्दप्रयोग आहे, आणि शिक्षा म्हणून वार्षिक रजा रद्द. जी रजा कधी मंजूरच झाली नव्हती, ती रद्द कशी होते, हे अर्जदाराने आमचा इलेक्ट्रिशियन कृष्णकांत याला विचारले. त्याने सांगितले की ऑफिसात सगळे होते.

८. पुरावे मागितल्यास खालीलप्रमाणे आहेत.

दातांत टॉर्च धरून ‘क्या बात है’ म्हणता येत नाही. आपण करून पाहावे. अर्जदाराने खोलीवर नऊ वेळा करून पाहिले; ‘आ आ ऐ’ एवढेच निघते आणि लाळ गळते.

दुसरे, अर्जदाराच्या गावी आनंद झाला तर लोक शिट्टी मारतात, नाहीतर बँडवाल्याच्या खिशात नोट कोंबतात. ‘जियो’ म्हणायची रीत तिकडे नाही. ती आपल्याकडे बैठकीत असते, हे अर्जदाराला आपल्यामुळेच माहीत झाले. ऑफिसात कॅसेट लावून आपण रोज दुपारी जेवणानंतर हेच म्हणता, तेव्हा चहावाला दारात थांबतो, आपले झाल्यावर मग आत जातो.

तिसरा पुरावा नाजूक आहे. शुक्रवारी सकाळी विद्यावहिनींनी ड्रायव्हरच्या हाती माबेल्याला डबा पाठवला. डब्यात सात पुरणपोळ्या आणि वाटीभर तूप होते, चिठ्ठी नव्हती. साहेब, ज्याने मैफल मोडली त्याला कुणी पुरणपोळ्या पाठवत नाही. अर्जदाराने त्या खाल्ल्या, फार चांगल्या होत्या, आणि डबा रिकामा देऊ नये म्हणून खजूर घालून परत केला. वहिनींना यात गोवू नये, त्यांनी तोंडातून एक अक्षर काढलेले नाही.

९. इतके लिहून झाल्यावर अर्जदाराने पेन खाली ठेवले होते. पण एक गोष्ट लिहिली नाही तर हा अर्जही मेमोसारखाच अर्धवट होईल. त्या क्षणी दाराच्या फटीतून आपला चेहरा दिसला होता. आपल्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. किल्ल्याच्या आधीपासून, दहा वर्षे आपल्याला ओळखतो, आपण सहीसुद्धा मोजून करता. पण त्या बाईंनी जे काही वाजवले ते आपल्या आत कुठेतरी जाऊन लागले आणि आपल्याला भानच राहिले नाही. बाकीच्या शंभर जणांना मेल्यासारखे बसता आले, आपल्याला आले नाही. अर्जदाराला खरे सांगायचे तर त्याबद्दल आपला आदर वाटला. तो आदर पुढे पंचवीस मिनिटे टिकला, व्हरांड्यापर्यंत.

आपण घाबरलात तेही कळते. आपले काँट्रॅक्ट जूनअखेर नवे व्हायचे आहे आणि रुचिरचे इंजिनिअरिंग आता सुरू होणार. मुलासाठी माणूस काय वाटेल ते बोलतो. अर्जदारालाही मूल आहे, एवढेच त्याचे म्हणणे.

१०. अर्जदाराची मुलगी शेरॉन, वय २४, नर्स. रविवार, दि. २७ मे रोजी सकाळी साडेदहाला तिचे लग्न आहे. मुलगा लॉईड, बँकेत आहे, चांगला आहे असे फ्लॉरेन्स म्हणते. फ्लॉरेन्स म्हणजे अर्जदाराची बायको. अर्जदाराने त्याला फोटोतच पाहिले आहे. आमच्यात बाप मुलीचा हात धरून तिला चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत नेतो. साठ-सत्तर पावले असतील. अर्जदार इकडे आला तेव्हा ती दहा वर्षांची होती. तिचा दहावीचा निकाल फोनवर ऐकला, नर्सिंगचा फोनवर ऐकला, आजीच्या मातीला ती एकटी उभी राहिली तेही फोनवरच ऐकले. ती साठ पावले फोनवर चालता येत नाहीत.

मेमो आल्यावर घरी कळवावे लागले. शेरॉन रडली नाही. म्हणाली, “पप्पा, तू येतोस का नाय ते एकदाच सांग, म्हणजे रसेलमामाला सूट शिवायला टाकता येईल.” अर्जदार म्हणाला, दोन दिवस थांब. तिने बरे म्हटले. काल फ्लॉरेन्सने फोनवर सांगितले, की शिंपी मे महिन्यात घाई ऐकत नाही म्हणून रसेल माप देऊन आला. मेहुणा आहे, माणूस चांगला आहे, पण अर्जदाराला त्या सुटाचा विचार करून जेवण जात नाही. चौदा वर्षे लोकांना गार ठेवले, साहेब, आणि लेकीच्या लग्नात आपल्या जागी दुसऱ्याचा सूट उभा राहायचा? हे सहन होत नाही, सरळ सांगतो.

११. सबब, अर्जदार न्याय मागत नाही. न्यायाला वेळ लागतो, आणि २७ मे तीन आठवड्यांवर आली आहे. त्याऐवजी तो पुढील तोडगा सुचवतो.

सोबत एक कबुलीजबाब जोडला आहे. त्यात अर्जदाराने लिहिले आहे, की दि. २६ एप्रिल रोजी ‘क्या बात है, जियो’ हे उद्गार त्याने, आणि त्यानेच, काढले. खाली सही आहे. तो आपण बाईसाहेबांना दाखवावा, फाइलला लावावा, फ्रेम करून गेटवर तोफेच्या शेजारी टांगावा. जेनेटबाईंना माफीचे पत्रही अर्जदार इंग्रजीत लिहील, लाल पेन आपण चालवावे. बदल्यात दि. १७ मे ते १० जून अशी रजा मंजूर व्हावी आणि आपल्या कपाटातला पासपोर्ट अर्जदाराच्या हाती मिळावा. प्लांटची काळजी नको. कृष्णकांतला तीन वर्षांपासून सगळे शिकवून ठेवले आहे. कुठल्या महिन्यात किती मिनिटे थंडी टिकते त्याचा तक्ता सोबत आहे. बाईसाहेबांनी मे अखेरीस लांबलचक काही लावू नये, एवढे पाहावे.

यात एक अडचण उरते, तीही अर्जदाराने विचारात घेतली आहे. खोटे लिहून देणे हे पाप आहे. पण लग्नाआधी वधूच्या आईबापांनीही फादरकडे जाऊन पापे कबूल करायची, अशी आमच्या घरची रीत आहे. त्यात हेही सांगून मोकळा होईन. त्यासाठी अर्जदार वसईत पोहोचणे मात्र आवश्यक आहे. आपल्या वाट्याचे जे आहे, त्याचे आपण पुण्याच्या पद्धतीने बघावे.

उत्तर लेखी द्यावे. ‘इन्शाल्ला’ चालेल, पण या खेपेला सालेमवाले असावे.

आजच्या तारखेपर्यंत आपला नम्र,

हिलरी पास्कोल डाबरे
एसी मेकॅनिक

सोबत:
१) कबुलीजबाब, एक पान, सही केलेला.
२) थंडी टिकण्याचा बारा महिन्यांचा तक्ता.
३) लग्नपत्रिका, एक प्रत, सौ. वहिनी व रुचिरसह आग्रहाची. वधूच्या नावाखाली ‘हात धरून आणणार: वडील’ असे छापून झाले आहे. पाचशे प्रती गावात वाटून संपल्या आहेत, त्या आता परत मागवता येत नाहीत.